घरातले दुसरे सर

सरांना सगळेच सर म्हणत. शाळेत भाषा आणि साहित्य शिकवण्यात त्यांची उभी हयात गेली होती, आणि रस्त्यात भेटणाऱ्या निम्म्या लोकांचे निबंध त्यांनी कधी ना कधी तपासलेले होते. बायकोही त्यांना सरच म्हणे, पण ते चिडवायला. तिचं शाळेच्या मागच्या रस्त्यावर औषधांचं दुकान होतं. लोक तिला केमिस्टबाई म्हणत. दोघं कॉलेजात बरोबरचे, तो साहित्याला आणि ती शास्त्राला, त्यामुळे लग्नानंतरही अरेतुरेच चालू राहिलं.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. एके दिवशी जेवता जेवता केमिस्टबाईंनी सांगून टाकलं की कॉलेजात संध्याकाळचा साहित्याचा वर्ग सुरू झालाय, त्यात नाव घातलंय, पैसेही भरलेत. लहानपणापासून वाचायची आवड होती, पण घरच्यांनी शास्त्राला घातलं. आता दुकानात माणूस ठेवलाय, तर संध्याकाळ मोकळी मिळते.

सर मनातून हरखले. इतकी वर्षं लोकांची पोरं शिकवली, आता बायको शिकणार म्हणजे घरचंच कार्य. त्यांनी लगेच आपल्या कपाटातली पुस्तकं काढली, धूळ झटकली, जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा तिच्यासाठी रिकामा केला. मनातल्या मनात त्यांनी पहिले काही धडेही आखले. मग सहज विचारलं, शिकवायला कोण आहे?

तिने नाव सांगितलं आणि सरांचा घास तोंडातच राहिला.

तो त्यांचाच विद्यार्थी होता. मागच्या बाकावरचा, कुरळ्या केसांचा, कायम खिडकीबाहेर बघणारा. सर त्याला कुरळ्या म्हणायचे. त्याच्या निबंधात प्रत्येक दुसरं वाक्य ‘मला असं वाटतं’ने सुरू व्हायचं आणि पुस्तकातली ओळ मात्र औषधालाही सापडायची नाही. समासात सर मोठ्या अक्षरात लिहायचे, ‘कशावरून?’ काही पानांवर तर त्याच्या मजकुरापेक्षा सरांचे ‘कशावरून’च जास्त असायचे. तो कुरळ्या आता कॉलेजात शिकवतो, हे सरांना उडत उडत कळलं होतं. पण तो आपल्या बायकोला शिकवणार, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

“चांगला मुलगा आहे,” सर म्हणाले. “थोडा कच्चा होता.”

“आता पक्का झाला असेल,” केमिस्टबाई म्हणाल्या आणि त्यांनी ताटं उचलली.

पहिला आठवडाभर सरांनी वाट पाहिली. ती काहीतरी विचारेल, एखादा शब्द अडेल, एखादा संदर्भ लागणार नाही. तिने काही विचारलं नाही. टेबलाच्या त्या रिकाम्या कोपऱ्यावर बसायच्या ऐवजी ती दुकानातल्या मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधे बसून वाचायची. घरी यायची ती वेगळीच होऊन. दुकानातून परतलेली बाई दमलेली असायची. वर्गातून परतलेली बाई भूक विसरलेली असायची. आणि जेवताना ‘सर म्हणाले, सर म्हणाले’ सुरू व्हायचं. सुरुवातीला सरांना वाटायचं आपल्याबद्दलच बोलते आहे. मग लक्षात यायचं की घरात आता दोन सर झालेत, आणि ज्याचं नाव निघतंय तो दुसरा आहे.

एकदा ती म्हणाली, “आज सरांनी काय छान सांगितलं. निबंधातलं अवतरण म्हणजे साक्षीदार. त्याला बोलावलंत तर त्याला पूर्ण बोलू द्या. आणि तो बोलला म्हणून वकिलाने गप्प बसायचं नाही. तो काय बोलला त्याचा अर्थ तुम्ही सांगायचा.”

सरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. हे वाक्य त्यांचं होतं. साक्षीदार त्यांचा होता, वकीलही त्यांचाच. वर्षानुवर्षं त्यांनी दर नव्या वर्गाला पहिल्या दिवशी हेच सांगितलं होतं, कुरळ्या खिडकीबाहेर बघत असतानाही. त्यांना म्हणावंसं वाटलं, अगं, हे माझं आहे. पण स्वतःच्या बायकोपुढे स्वतःच्या वाक्यावर हक्क सांगायचा म्हणजे फारच झालं. ते नुसतं ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि त्या रात्री त्यांना नीट झोप लागली नाही.

शाळेत गणिताच्या बाई त्यांच्या जुन्या मैत्रीण. मधल्या सुट्टीत सरांनी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे कुरळ्या कसा उचलेगिरी करतो एवढंच सांगितलं. बाईंनी डबा संपवत शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “सर, तुमच्या पोटात दुखतंय. आणि औषधाचं दुकान घरात असून दुखतंय.” सर हसले, पण ते हसणं ओठांच्या खाली उतरलं नाही.

त्यानंतर ते बायकोकडे लक्ष ठेवायला लागले. आधी तसं ठरवलं नव्हतं. डोळे आपोआप तिकडे जायला लागले. तिने केस थोडे कापून घेतले. वर्गाच्या दिवशी ती निळा कुर्ता घालायची, इतर दिवशी नाही. फोन वाजला की उचलून दुसऱ्या खोलीत जायची आणि तिथून हसू ऐकू यायचं. मुलगी जन्मली त्या सुमाराचं ते हसणं होतं, असं सरांना वाटलं, आणि वाटल्याबरोबर ते खरंच झालं. वर्ग सुटायची वेळ आणि ती घरी यायची वेळ यांच्यात अंतर पडायला लागलं. विचारलं तर म्हणायची, सगळे बाहेर कट्ट्यावर बोलत थांबतो. सगळे, हा शब्द सरांनी मनात अधोरेखित केला. सगळे म्हणजे कोण?

अशा रीतीने एकेक ओळ जमत गेली. ज्या माणसाने आयुष्यभर पोरांना शिकवलं की आधी पुस्तक वाचा आणि मग मत बनवा, त्या माणसाचं मत आधीच बनलं होतं. आता तो फक्त त्याला टेकू शोधत होता.

मग तो दुपारचा प्रसंग घडला. शाळा लवकर सुटली म्हणून सर तिच्या दुकानात गेले. पुढे मदतनीस गिऱ्हाइकाला मलम दाखवत होता. सर मागच्या खोलीच्या दाराशी पोचले तेव्हा केमिस्टबाई फोनवर होत्या, दाराकडे पाठ करून.

“नाही सर, त्याला काही कळू देऊ नका,” त्या म्हणत होत्या. “त्याला कळलं ना, तर सगळं संपेल.”

सर तिथूनच मागे फिरले. मदतनीसाने विचारलं, बाईंना बोलावू का. त्यांनी मानेनेच नको म्हटलं. रस्त्यावर आल्यावर त्यांना घर कोणत्या बाजूला हेच क्षणभर सुचेना. कान गरम झाले होते. कुरळ्याचे ते केस, ती खिडकी, ते वाक्य, सगळं डोक्यात गरगरायला लागलं. आपला मुलगा असता तर एवढ्याच वयाचा असता, हा विचारही आला, पण मत्सराला वय मोजता येत नाही. घरी येऊन ते शर्टही न बदलता खुर्चीत बसून राहिले. ती आली, तिने विचारलं बरं नाही का. ते म्हणाले डोकं दुखतंय. तिने गोळी दिली, त्यांनी घेतली. तिचा हात कपाळावर आला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

पुढच्या आठवड्यात वर्गाचं निबंधवाचन होतं. ही बातमी तिने सांगितली नाही. कॉलेजच्या फाटकावरच्या फळ्यावर ती सरांनी वाचली. वर्गातल्या काही जणांनी आपापले निबंध वाचायचे, कोणीही येऊन ऐकावं. नावांत तिचं नाव होतं. विषय होता तीच कादंबरी, जी सरांनी शाळेत कित्येक वर्षं शिकवली होती. गोष्ट साधी. एका बाईचा नवरा घर सोडून निघून जातो. ती घरातल्या खोल्या भाड्याने देऊन राहते आणि पुढचं दार कधीच लावून घेत नाही. शेवटी नवरा परत येतो, तेव्हा ती त्यालाही भाडेकरूचीच खोली देते. प्रश्न ठरलेला होता: ती का थांबली? सरांचं उत्तरही ठरलेलं होतं, निष्ठा. त्यावर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक मार्गदर्शक पुस्तकही छापलं होतं.

सर गेले. मागच्या बाकावर, खांबाआड बसले. वर्गात जुन्या लाकडाचा आणि ओल्या छत्र्यांचा वास होता. दोन-तीन जणांचे निबंध झाले. कुरळ्या बाजूला खुर्चीवर बसून ऐकत होता. केस आता थोडे विरळ झाले होते, चष्माही लागला होता. सरांना त्याचाही राग आला.

मग केमिस्टबाई उभ्या राहिल्या. निळा कुर्ता होता. आवाज स्वच्छ होता. सरांनी हा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या की ही बाई थांबली असं आपण म्हणतो, कारण थांबणं आपल्याला आवडतं. पण ती थांबलीच नव्हती. ती दमली होती. प्रेम, निष्ठा, राग, यांतलं काही तिच्यात शिल्लक नव्हतं. उरली होती फक्त सवय. मग पुराव्यादाखल त्या एकेक ओळ वाचत गेल्या, आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून तिच्यातला एखादा शब्द उचलून दाखवत गेल्या. सर खांबाला टेकून ऐकत राहिले. काही ओळी त्यांनी शेकडो पोरांना पाठ करायला लावल्या होत्या आणि त्या कधी ऐकल्याच नव्हत्या, असं त्यांना झालं. त्या क्षणी जी जळजळ उठली ती कुरळ्याबद्दलची नव्हती. ती तिच्याबद्दलची होती. हे तिला येतं. आणि हे मी तिला शिकवलेलं नाही.

“आणि शेवटी ती स्वतःच सांगते,” केमिस्टबाईंनी वाचलं. “‘मी दार उघडं ठेवलं, कारण बंद करायला उठावं लागलं असतं.’ यापेक्षा स्पष्ट ती काय बोलणार?”

सर उभे राहिले. आपण उभे राहिलो हे त्यांना उभं राहिल्यावर कळलं.

“वाक्य अर्धं आहे,” ते म्हणाले. “पूर्ण वाचा.”

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. केमिस्टबाईंनीही पाहिलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मग सरांनी स्वतःच, पुस्तक न बघता, ते वाक्य म्हटलं: “‘मी दार उघडं ठेवलं, कारण बंद करायला उठावं लागलं असतं, आणि उठले असते तर त्याच्या मागे गेले असते.’”

उरलेल्या अर्ध्या वाक्याने सगळा निबंध उलटा केला होता, हे सगळ्यांना कळलं. केमिस्टबाई कागदाकडे बघत होत्या.

कुरळ्या उठला. तो गडबडला नाही. म्हणाला की आक्षेप बरोबर आहे. “साक्षीदाराला पूर्ण बोलू द्यावं, हे आम्हाला ज्यांनी शिकवलं तेच हे सर. मी दर नव्या वर्गाला यांचं नाव घेऊनच ते सांगतो. तुम्हाला आठवत असेल.” वर्गातल्या काही माना हलल्या. कुरळ्याने सरांना पुढे येऊन बसायची विनंती केली. सर पुढे गेले नाहीत. त्यांना केमिस्टबाई दिसत होत्या, आणि त्या कोणाकडेच बघत नव्हत्या.

ते जिंकले होते आणि त्यांना खोल खड्ड्यात पडल्यासारखं वाटत होतं.

घरी दोघं बरोबरच चालत गेले, कारण घर एकच होतं. रस्त्यावरची दुकानं बंद होत होती, पत्रे खाली ओढल्याचा आवाज येत होता. शेवटी सरच म्हणाले की त्याने माझं नाव घेऊन सांगितलं होतं, तर तू मला तसं का नाही सांगितलंस?

“कारण मग ते तुझं झालं असतं,” ती म्हणाली. “जेवताना एक तास तू त्यावरच बोलला असतास. मला आणखी खूप काही सांगायचं होतं.”

“आणि वाक्य का तोडलंस?”

“माहीत होतं मला तो अर्धा भाग. माझ्या मुद्द्यात बसत नव्हता. तू बरोबर होतास. झालं समाधान?”

सरांना गप्प बसता आलं असतं. पण इतके दिवस साठलेलं होतं. त्यांनी दुकानातल्या त्या दुपारचं सांगितलं, फोनवरचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, कापलेल्या केसांचं सांगितलं, कुर्त्याचं, कट्ट्यावरच्या ‘सगळ्यां’चं सांगितलं. बोलता बोलता स्वतःलाच ते पोरकट वाटायला लागलं, पण थांबवेना.

ती रस्त्यातच थांबली. आधी तिला समजलंच नाही. मग समजलं, आणि ती हसली. “त्या पोराबद्दल? त्याची बायको येते वर्गाला. पुढच्या बाकावर बसते. आज तुझ्या समोरच होती.” मग हसू विरलं.

“तू दारातून तसाच गेलास? पुढचं नाही ऐकलंस?”

“काय होतं पुढचं?”

“मी त्यांना म्हणत होते की माझा निबंध तुला दाखवू नका. त्यांना तुझं मत हवं होतं, तुझ्याबद्दल फार आदर आहे त्यांना. मी म्हटलं, त्याला कळलं तर सगळं संपेल. तो ते दुरुस्त करील, छान करील, आणि मग ते माझं राहणार नाही.” ती पुन्हा चालायला लागली. “मी एखाद्या पोराच्या नादी लागले असेन, हे तुला सुचलं. मी लिहू शकेन, हे नाही सुचलं.”

सर चुकलो म्हणाले, आणि तो शब्द अगदीच अपुरा पडला.

पुढचे काही दिवस घरात दोघं पाहुण्यांसारखी वागली. मीठ पुढे सरकवायचं, फोन आल्याचं सांगायचं, एवढंच. केमिस्टबाई निबंध पुन्हा लिहीत होत्या. आता त्या घरातच, टेबलाच्या त्या कोपऱ्यावर बसायच्या, आणि ते सरांना जास्त जड जायचं. हाताच्या अंतरावर ती खोडत होती, लिहीत होती, पेन तोंडात धरून छताकडे बघत होती, आणि त्यांनी विचारायचं नव्हतं. एकदा त्यांनी चहा करून शेजारी ठेवला. तिने न बघता आभार मानले आणि कागदावर हात आडवा ठेवला. परीक्षेत शेजाऱ्याला दिसू नये म्हणून मुलं ठेवतात तसा.

निबंध कॉलेजच्या वार्षिक अंकात आला. हेही सरांना बाहेरूनच कळलं. गणिताच्या बाईंनी अंक आणून त्यांच्या टेबलावर टाकला आणि तासाला निघून गेल्या. सरांनी शिक्षकांच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि वाचायला बसले.

मत बदललं होतं. आता ती म्हणत होती की बाई दमली होती आणि तरी तिचं प्रेम होतं, आणि या दोन गोष्टी एका माणसात एकाच वेळी राहू शकतात. म्हणूनच ती उठत नाही. उठली तर काय होईल ते तिला माहीत आहे. ते वाक्य आता पूर्ण दिलेलं होतं. पण त्याच्याही आधी तिने एक भलतीच ओळ घेतली होती: नवरा परत आल्यावर बाई त्याला खोली दाखवते तेव्हा म्हणते, ‘खिडकी जरा अडते, वर उचलून ढकलायची.’ सरांनी ही ओळ इतकी वर्षं कामचलाऊ म्हणून ओलांडली होती. ती मात्र विचारत होती, हे पहिल्याच दिवशी, न विचारता, कोणाला सांगतात? गैरसोय होऊ नये असं ज्याच्याबद्दल वाटतं, त्यालाच. बाईने क्षमा केली की नाही हे शेवटच्या पानावर शोधू नका, या खिडकीत शोधा.

सरांनी परिच्छेद पुन्हा वाचला. दोन ठिकाणी वाक्य सैल होतं, एका ठिकाणी शब्द दोनदा आला होता. ते त्यांना दिसलं, आणि ते काही महत्त्वाचं नव्हतं, हेही दिसलं. आपलं ते छापील मार्गदर्शक आठवून त्यांना लाज वाटली. लाजेच्या खाली तीच जुनी जळजळ होती, गेलेली नव्हती. ही ओळ मला का नाही दिसली? पण आता ती जळजळ कोणाबद्दल आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यामुळे ती सोसता येत होती.

शाळा सुटल्यावर ते दुकानात गेले. गर्दी होती. एक म्हातारे गृहस्थ डोळ्यांत घालायच्या थेंबांबद्दल तेच तेच विचारत होते आणि केमिस्टबाई न कंटाळता तेच तेच सांगत होत्या. सर रांगेत उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “काय हवंय?”

“वाचला,” सर म्हणाले.

तिचे हात थांबले. “मग?”

“ती खिडकीची ओळ.” त्यांना शब्द जुळवावे लागले. “मी शेकडो वेळा वाचली असेल. मला कधी दिसली नाही. तू दाखवलीस.”

मागचा माणूस घसा खाकरत होता. केमिस्टबाईंनी सरांकडे नीट पाहिलं, पुढे काही येतंय का याची वाट बघितल्यासारखं. सैल वाक्यांचं काही आलं नाही.

“आत जाऊन बस,” त्या म्हणाल्या. “एवढी गिऱ्हाइकं होऊ देत. पुढच्या निबंधासाठी कोणती कादंबरी घेऊ, ते ठरत नाहीये. तुला विचारणार नाहीये मी. नुसती मोठ्याने बोलणार आहे. तू ऐक.”

सर आत गेले, खोक्यांच्या मधे एक स्टूल होतं त्यावर बसले आणि थांबले.